घोड्याच्या वर्षात जन्मलेल्यांचा आठवडा : चिनी साप्ताहिक भविष्य स्वतः मांडण्याची रीत

चिनी कालगणनेत सात दिवसांचा आठवडा मुळात नाही. जुन्या चीनमध्ये महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडत आणि अशा प्रत्येक भागाला ‘श्युन’ म्हणत. सोमवार, मंगळवार हे वार तिथल्या रोजच्या व्यवहारात फार पुढे रुळले. त्यामुळे ‘या आठवड्यात घोडा राशीच्या व्यक्तींना’ अशा शब्दांनी सुरू होणारे जे भविष्य आज सर्वत्र वाचायला मिळते, ते प्रत्यक्षात बारा दिवसांच्या एका चाकावर सात दिवसांची चौकट ठेवून केलेले वाचन असते. हे चाक एकदा कळले की आपला आठवडा आपल्यालाच कागदावर मांडता येतो, आणि छापून आलेल्या भविष्यात चाकाचा भाग किती व लिहिणाऱ्याच्या कल्पनेचा भाग किती, हेही ताडता येते. पुढील रीत घोड्याच्या वर्षात जन्मलेल्यांसाठी दिली आहे. प्राणी बदलला की नाती बदलतात. रीत तीच राहते.

पायरी पहिली : आपण खरोखर ‘घोडा’ आहोत का, हे तपासावे

सर्वांत जास्त चुका याच पायरीवर होतात. जन्मसालाला १२ ने भागून १० बाकी उरली, तर ते साल घोड्याचे असते. १९७८, १९९०, २००२ किंवा २०२६ घेऊन पाहावे. मात्र चिनी वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच्या काळात येणाऱ्या एका अमावास्येला सुरू होते. आपल्याकडे अमावास्येने महिना संपतो आणि प्रतिपदेला नवा लागतो. चिनी महिना मात्र अमावास्येचा क्षण ज्या दिवशी येतो, त्याच दिवशी सुरू झाला असे मानतात. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून त्यांच्याकडेही अधिक महिना धरतात. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना अधिक आला होता. या कारणांमुळे वर्षारंभाची तारीख दरवर्षी सरकते आणि जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांचा नुसत्या सालावरून घोटाळा होतो. १० जानेवारी १९९० ला जन्मलेली व्यक्ती घोडा नाही. ती त्याआधीच्या सापाच्या वर्षातली आहे.

घोड्याच्या वर्षांच्या तारखा अशा : १५ फेब्रुवारी १९४२ ते ४ फेब्रुवारी १९४३, ३ फेब्रुवारी १९५४ ते २३ जानेवारी १९५५, २१ जानेवारी १९६६ ते ८ फेब्रुवारी १९६७, ७ फेब्रुवारी १९७८ ते २७ जानेवारी १९७९, २७ जानेवारी १९९० ते १४ फेब्रुवारी १९९१, १२ फेब्रुवारी २००२ ते ३१ जानेवारी २००३, ३१ जानेवारी २०१४ ते १८ फेब्रुवारी २०१५, आणि १७ फेब्रुवारी २०२६ ते ५ फेब्रुवारी २०२७. तारीख पडताळून पाहायची असेल तर हाँगकाँगच्या वेधशाळेने १९०१ ते २१०० या दोनशे वर्षांचे इंग्रजी व चिनी तारखांचे तक्ते उपलब्ध करून दिले आहेत.

येथे नवोदिताला दोन अडचणी येतात. पहिली अडचण परंपरेतल्या मतभेदाची आहे. जन्मवेळेवरून सविस्तर पत्रिका मांडणारे चिनी ज्योतिषी वर्षाचा आरंभ अमावास्येवरून धरत नाहीत. ते ‘ली छुन’ म्हणजे सूर्याच्या गतीवरून ठरणारा वसंतारंभ प्रमाण मानतात, आणि तो बहुतेक वेळा ४ फेब्रुवारीच्या सुमारास येतो. परिणामी २७ जानेवारी ते ३ फेब्रुवारी १९९० या दिवसांत जन्मलेले लोक सणाच्या हिशोबाने घोडा, तर पत्रिकेच्या हिशोबाने साप ठरतात. उलट २००२ मध्ये ४ ते ११ फेब्रुवारीदरम्यान जन्मलेले लोक पत्रिकेत घोडा आणि सणाच्या हिशोबाने साप. साप्ताहिक भविष्य लिहिणारे बहुतेक जण सणाचाच हिशोब धरतात, म्हणून आठवडा मांडण्यापुरता तोच घ्यावा, असे माझे मत आहे. सीमेवर जन्मलेल्यांनी दोन्ही प्राण्यांची भविष्ये वाचून जे आवडेल ते आपले मानण्याचा मोह टाळावा. तसे केले तर काहीही ताडून पाहणे अशक्य होते.

दुसरी अडचण भारतात जन्मलेल्यांची आहे. चिनी पंचांग बीजिंगच्या प्रमाणवेळेवर चालते आणि ती भारतीय वेळेच्या अडीच तास पुढे आहे. २६ जानेवारी १९९० रोजी रात्री दहा वाजता पुण्यात जन्मलेल्या मुलाच्या वेळी बीजिंगमध्ये २७ तारखेचे साडेबारा वाजले होते, म्हणजे तेथे घोड्याचे वर्ष लागले होते. अशा मुलाला काही जण स्थानिक तारखेवरून साप म्हणतील, तर काही जण बीजिंगच्या वेळेवरून घोडा. हा प्रश्न वर्षातल्या एकाच रात्रीपुरता आहे, त्यामुळे फार वेळ घालवू नये. जपानी भविष्य वाचणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी : जपानने १८७३ पासून ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली आणि तेथे प्राण्याचे वर्षही आता १ जानेवारीलाच बदलते.

पायरी दुसरी : चाकावरची आपली जागा आणि नाती ओळखावीत

बारा प्राणी ही खरे तर बारा कालचिन्हांची लोकांना लक्षात राहतील अशी नावे आहेत. घोड्याच्या चिन्हाचा उच्चार ‘वू’ असा आहे आणि त्याचा अर्थ मध्यान्ह. दिवसाचे बारा दुहेरी तास धरले तर सकाळी ११ ते दुपारी १ हा ‘वू’चा तास होतो. आजच्या चिनी भाषेतही सकाळला ‘शांगवू’ म्हणजे मध्यान्हापूर्वी आणि दुपारला ‘श्यावू’ म्हणजे मध्यान्हानंतर असे म्हणतात. बीजिंगच्या राजवाड्याचा दक्षिणेकडील भव्य दरवाजा ‘वू-मन’ आहे, कारण याच चिन्हाची दिशा दक्षिण, तत्त्व अग्नी आणि ऋतू भर उन्हाळा. घोडा राशीच्या लोकांना उतावळे, तेजस्वी, एका जागी न टिकणारे असे जे म्हटले जाते, त्याचे मूळ प्राण्याच्या स्वभावाइतकेच या भर दुपारच्या सूर्यातही आहे.

घड्याळाच्या तबकडीसारखे चाक काढून त्यावर क्रमाने उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर लिहावेत. (आठव्या प्राण्यासाठीचा चिनी शब्द शेळी आणि मेंढी दोघींनाही चालतो, म्हणून भाषांतरांत दोन्ही नावे आढळतात.) आता घोड्यापासून नाती मोजावीत.

समोरासमोर येतो तो उंदीर. उंदीर म्हणजे मध्यरात्र, उत्तर दिशा आणि पाणी. मध्यान्ह आणि मध्यरात्र यांच्या या समोरासमोर येण्याला ‘छोंग’ म्हणजे टक्कर म्हणतात. साप्ताहिक भविष्यातील बहुतेक इशाऱ्यांचे मूळ या एका नात्यात असते. आपल्या पंचांगातील घातचक्र ज्यांना परिचित आहे, त्यांना ही कल्पना चटकन समजेल. प्रत्येक राशीला जसा घातवार नेमून दिलेला असतो, तसा घोड्याला उंदराचा दिवस. फरक इतकाच की घातवार दर आठवड्याला ठरलेल्या वारी येतो, तर टक्करीचा दिवस बारा दिवसांनी येतो आणि त्याचा वार दर खेपेला बदलतो.

चाकावर चार-चार घरांच्या अंतराने जे त्रिकोण बनतात ते मैत्रीचे मानतात; घोड्याच्या त्रिकोणात वाघ आणि कुत्रा आहेत. शेजारची मेंढी ही घोड्याची जोडीदार. या नात्याला षट्‌मेळांपैकी एक मेळ म्हणतात, कारण बारा प्राण्यांच्या अशा सहाच जोड्या होतात. बैलाशी घोड्याचे नाते ‘हानी’चे आहे, आणि ‘पांढरा घोडा हिरव्या बैलाला भितो’ अशी एक जुनी चिनी म्हण विवाह जुळवताना त्यावरून सांगत. सशाचा दिवस जरा गमतीचा आहे : एका हिशोबाने घोडा आणि ससा यांच्यात ‘मोडते’, दुसऱ्या हिशोबाने वाघ, घोडा आणि कुत्रा या तिघांचे प्रेमाचे ‘पीचफूल’ सशातच उमलते. त्यामुळे एकाच दिवसाविषयी एक भविष्य प्रणयाचे बोलते आणि दुसरे बेबनावाचे. दोघेही ग्रंथाला धरूनच असतात. याच तिघांचा ‘डाकेचा घोडा’, म्हणजे प्रवासाचा योग, माकडाच्या दिवशी येतो. खुद्द घोड्याचा दिवस घोडा राशीला सर्वस्वी शुभ असेल असे वाटते, पण तसे नाही. घोडा ‘स्वतःला शिक्षा करणाऱ्या’ चार प्राण्यांपैकी एक आहे, म्हणून त्या दिवशी अतिउत्साहाने स्वतःचेच काम बिघडवू नये असे सांगतात. उरलेले ड्रॅगन, साप, कोंबडा आणि डुक्कर यांचे दिवस साधारण समजून सोडून द्यावेत. ज्यांना या चौघांवरही रोज काही लिहावे लागते, त्यांची अडचण समजण्यासारखी आहे.

पायरी तिसरी : प्रत्येक तारखेचा प्राणी काढावा

वर्षाला जसा प्राणी असतो तसा महिन्याला, दिवसाला आणि तासालाही असतो. आठवड्याच्या कामाचा तो दिवसाचा प्राणी. तो काढण्यासाठी एकच तारीख पाठ करावी लागते, आणि घोडा राशीच्या वाचकांना ती विसरता येणार नाही : १ जानेवारी २००० हा घोड्याचा दिवस होता. त्या दिवसापासून हवी असलेली तारीख किती दिवस पुढे आहे ते मोजावे, त्या संख्येला १२ ने भागावे आणि बाकी पाहावी. बाकी ० उरली तर घोडा, १ मेंढी, २ माकड, ३ कोंबडा, ४ कुत्रा, ५ डुक्कर, ६ उंदीर, ७ बैल, ८ वाघ, ९ ससा, १० ड्रॅगन आणि ११ साप.

उदाहरणार्थ, १ जानेवारी २०२६ पर्यंत २६ वर्षे झाली. २६ गुणिले ३६५ म्हणजे ९४९०, त्यात २००० ते २०२४ पर्यंतच्या सात लीप वर्षांचे सात दिवस मिळवले की ९४९७. याला १२ ने भागले तर ५ बाकी उरते, म्हणून तो दिवस डुकराचा. दुसऱ्याच दिवशी, २ जानेवारीला, उंदीर आला आणि तेथून बारा-बारा दिवसांनी २०२६ मधील टक्करीचे सगळे दिवस सापडतात : १४ आणि २६ जानेवारी, ७ आणि १९ फेब्रुवारी, ३, १५ आणि २७ मार्च, ८ आणि २० एप्रिल, २, १४ आणि २६ मे, ७ आणि १९ जून, आणि असेच पुढे २८ डिसेंबरपर्यंत. पुढच्या वर्षासाठी सगळा हिशोब पुन्हा करावा लागत नाही. साध्या वर्षात ३६५ दिवसांमुळे चाक पाच घरे पुढे जाते आणि लीप वर्षात सहा. त्यामुळे १ जानेवारी २०२७ हा ड्रॅगनचा दिवस आहे.

बारा आठवड्यांच्या ८४ दिवसांत उंदराचे दिवस नेमके सात येतात आणि एका आठवड्यात दोन कधीच येत नाहीत. याचा अर्थ बारांपैकी पाच आठवड्यांत टक्कर नसतेच. दर आठवड्याला घोडा राशीला ‘सावध राहा’ असे न चुकता बजावणारे भविष्य चाकावरून लिहिलेले नसते, हे ओळखायला ही एक सोपी खूण आहे.

गणित नको असेल तर हाँगकाँगचे छापील पंचांग किंवा त्याचे मोबाइलवरील रूप पाहावे. हाँगकाँगमध्ये याला ‘तुंग शिंग’ म्हणतात. मूळ शब्दाचा शेवट ‘पुस्तक’ या अर्थाचा होता, पण त्याचा उच्चार ‘हरणे’ या शब्दासारखा होतो म्हणून तो बदलून ‘जिंकणे’ असा केला गेला. चीनमध्ये याच प्रकारच्या पंचांगाला ‘हुआंगली’ म्हणतात, आणि ‘जुने हुआंगली’ म्हणजे कालबाह्य गोष्ट असा वाक्प्रचारही आहे. प्रत्येक तारखेखाली काय करावे, काय टाळावे यांच्या दोन याद्या असतात, आणि त्या दिवशी कोणत्या प्राण्याची टक्कर आहे व कोणती दिशा वर्ज्य आहे तेही दिलेले असते. उंदराच्या दिवशी तेथे घोडा आणि दक्षिण असे छापलेले दिसेल. छापलेला प्राणी टक्कर खाणारा असतो, दिवसाचा नव्हे. नवखे वाचक हे नेमके उलटे वाचतात.

पायरी चौथी : महिन्याचा थर चढवावा

दिवसाचा प्राणी फक्त आपल्या राशीपुरते बोलतो. त्याबरोबर सर्वांना लागू असलेला बारा ‘अधिकाऱ्यांचा’, म्हणजे दिवसाचा स्वभाव सांगणाऱ्या बारा नावांचा, क्रम पाहावा लागतो : स्थापना, निवारण, भरती, समता, स्थैर्य, धारण, भंग, धोका, सिद्धी, संग्रह, उघडणे आणि मिटणे. महिन्याचा जो प्राणी असेल त्याच प्राण्याच्या दिवशी ‘स्थापना’ येते आणि तेथून क्रम चालतो. येथील महिने चंद्राचे नसून सूर्याच्या संक्रमणांवरून मोजलेले असतात. घोड्याचा महिना साधारण ५-६ जूनपासून ७ जुलैपर्यंत असतो. स्वतः मांडणी करणाऱ्यांनी एक अपवाद सांभाळावा : नवा सौर महिना ज्या दिवशी लागतो, त्या दिवशी आदल्या दिवसाचाच अधिकारी पुन्हा येतो.

एक प्रत्यक्ष आठवडा : १५ ते २१ जून २०२६

हा आठवडा निवडण्याचे कारण असे की शिकण्यासारखे जवळजवळ सगळे यात एकत्र आले आहे. वर्ष घोड्याचे, सौर महिना घोड्याचा, आणि चिनी पाचव्या चांद्रमहिन्याचा आरंभही सोमवारी १५ तारखेलाच होतो.

सोमवार, १५ जून हा माकडाचा दिवस आणि ‘भरती’चा अधिकारी. घोड्यासाठी प्रवासाचा योग, म्हणून दौरा, बदलीची बोलणी, घर पाहायला जाणे यांसाठी परंपरा हा दिवस सुचवील. मंगळवारी कोंबडा आणि ‘समता’. नेहमीची कामे उरकावीत. बुधवार, १७ जून हा कुत्र्याचा दिवस, म्हणजे मैत्रीचा त्रिकोण, आणि अधिकारी ‘स्थैर्य’. करारावर सही, साखरपुड्याची बोलणी, भागीदारीचा निर्णय अशा टिकाऊ गोष्टींसाठी आठवड्यातला हा सर्वांत उजवा दिवस. मात्र ‘स्थैर्या’च्या दिवशी कोर्टकचेरी टाळावी असेही सांगतात. गुरुवारी डुक्कर आणि ‘धारण’. हाती घेतलेले सोडू नये, नवे ओढवून घेऊ नये.

शुक्रवार, १९ जून उंदराचा. घोड्याची टक्कर आहेच, पण महिनाही घोड्याचा असल्याने अधिकारी ‘भंग’ आहे, आणि वर्षही घोड्याचे असल्याने या दिवसाची वर्षाशीही टक्कर होते. पंचांग हा दिवस कोणत्याही राशीला शुभकार्यासाठी देणार नाही. जुने बांधकाम पाडणे यासारखी मोडण्याची कामेच ‘भंगा’ला चालतात. गंमत अशी की याच दिवशी पाचव्या महिन्याची पाचवी तिथी, म्हणजे ड्रॅगन होड्यांच्या शर्यतींचा ‘तुआनवू’ सण आहे. या नावातला ‘वू’ घोड्याचाच. मुळात हा त्या महिन्यातला पहिला घोड्याचा दिवस असावा, असे सांगितले जाते. हा महिना विषारी समजून दारावर औषधी वनस्पती टांगण्याची जुनी प्रथा आहे. पंचांग काहीही म्हणो, त्या दिवशी होड्या धावतील आणि पानांत बांधलेला भात घरोघरी शिजेल. टक्कर लग्न, गृहप्रवेश, मोठी खरेदी अशा ठरवून करायच्या कामांना लावतात. सणाला आणि रोजच्या जेवणाला कोणी लावत नाही.

शनिवारी बैल आणि ‘धोका’. हानीचे नाते आणि सावधगिरीचा अधिकारी एकत्र आल्याने उंचावरची कामे, लांबचा रस्ता आणि नातेवाइकांशी पैशांचा विषय टाळावा असे भविष्यकार लिहितील. रविवार, २१ जून वाघाचा आणि ‘सिद्धी’चा, पुन्हा मैत्रीचा त्रिकोण. शुक्रवारी राहिलेले काम रविवारी करावे, इतके साधे नियोजन यातून निघते. मी स्वतः साप्ताहिक भविष्याचा उपयोग एवढाच मानतो : ज्या कामाची तारीख आपल्या हातात आहे, त्याला एक तारीख मिळते. डॉक्टरची भेट, परीक्षा किंवा न्यायालयाची तारीख उंदरासाठी पुढे ढकलण्याचा विचारही करू नये.

पायरी पाचवी : टक्कर नेमकी कोणत्या जन्मसालाची, ते पाहावे

सामान्य साप्ताहिक भविष्यात ही पायरी सहसा नसते, पण छापील पंचांगात असते. बारा प्राण्यांबरोबर दहा ‘खोडां’चा, म्हणजे आणखी दहा कालचिन्हांचा, एक क्रम चालतो आणि दोन्ही मिळून साठांचे चक्र होते, आपल्या प्रभवापासून क्षयापर्यंतच्या साठ संवत्सरांसारखे. खोडांना पाच तत्त्वे असतात, म्हणून घोडेही पाच प्रकारचे : १९५४ आणि २०१४ चा काष्ठ घोडा, १९६६ आणि २०२६ चा अग्नी घोडा, १९७८ चा पृथ्वी घोडा, १९९० चा धातू घोडा आणि १९४२ व २००२ चा जल घोडा.

उंदराचे दिवसही पाच प्रकारचे येतात, आणि दिवसाचे तत्त्व ज्या घोड्याच्या तत्त्वावर मात करते, त्या घोड्याला टक्कर पूर्ण लागते. १९ जून २०२६ हा काष्ठ उंदराचा, साठांच्या चक्रातला पहिला दिवस आहे. झाडाची मुळे माती फोडतात म्हणून तो १९७८ च्या पृथ्वी घोड्याला लागतो. १ जुलै अग्नी उंदराचा. अग्नी धातू वितळवतो, म्हणून तो १९९० वाल्यांचा. १३ जुलैला पृथ्वी पाण्याला अडवते, तो १९४२ आणि २००२ वाल्यांचा. २५ जुलैला धातू लाकूड तोडतो, तो १९५४ आणि २०१४ वाल्यांचा. ६ ऑगस्टला पाणी आग विझवते, तो १९६६ वाल्यांचा आणि यंदा जन्मलेल्या बाळांचा. १८ ऑगस्टपासून हाच फेरा पुन्हा सुरू होतो. त्यामुळे १९९० मध्ये जन्मलेल्या व्यक्तीने १९ जूनची फार धास्ती घेण्याचे, परंपरेच्या दृष्टीनेही, कारण नाही. बारा दिवसांनी येणारी भीती अशा रीतीने साठ दिवसांवर जाते, आणि माझ्या मते ही पायरी शिकण्याचा हाच मोठा फायदा.

सिंगापूर, हाँगकाँग किंवा तैवानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना ही माहिती शेजारधर्मासाठीही उपयोगी पडते. तेथील चिनी कुटुंबांत लग्नातल्या किंवा अंत्यविधीतल्या काही क्षणी ठरावीक प्राण्यांच्या लोकांना पाठ फिरवायला किंवा थोडा वेळ बाहेर थांबायला सांगतात. तुमचा प्राणी विचारला गेला आणि बाजूला होण्याची विनंती झाली, तर त्यात अपमान नाही. त्या दिवसाची टक्कर तुमच्या प्राण्याशी आहे, इतकेच त्याचे कारण.

पायरी सहावी : वर्षाची पार्श्वभूमी लक्षात घ्यावी, पण आठवड्यावर लादू नये

२०२६ हे घोडा राशीचे स्वतःचे वर्ष आहे, आणि नवख्याला याचा आनंद वाटतो. चिनी समजूत उलटी आहे. स्वतःच्या प्राण्याचे वर्ष, ज्याला ‘बन्मिंगनियन’ म्हणतात, ते जपून काढायचे वर्ष, कारण त्या वर्षाचा अधिपती ‘ताई स्वेई’ तुमच्याच घरात बसलेला असतो. या कल्पनेची मुळे गुरू ग्रहाच्या सुमारे बारा वर्षांच्या फेऱ्यात आहेत. नाशिकचा सिंहस्थ ज्या फेऱ्यावर ठरतो, तोच हा फेरा. साठ वर्षांचे साठ अधिपती मानले जातात आणि बीजिंगच्या श्वेतमेघ ताओ मंदिरात त्यांचे स्वतंत्र दालन आहे. बँकॉकच्या चिनी वस्तीतील वाट मंगकोन मंदिरात तर नववर्षाच्या सुमारास ज्यांची वर्षाशी टक्कर आहे अशा लोकांची शांतीसाठी गर्दी होते. घरगुती उपाय साधा : वडीलधाऱ्यांनी दिलेला लाल पट्टा, लाल मोजे किंवा लाल अंतर्वस्त्र वर्षभर वापरायचे.

अग्नी घोड्याच्या वर्षाला जपानमध्ये वेगळीच काळी छाया आहे. या वर्षी जन्मलेल्या मुली नवऱ्याला भारी पडतात, असा तेथे समज होता. १९६५ मध्ये जपानमध्ये सुमारे १८ लाख २० हजार बाळे जन्मली होती. १९६६ मध्ये ती संख्या सुमारे १३ लाख ६० हजारांवर आली, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा वर गेली. आपल्याकडील मंगळाच्या मुलीची गोष्ट ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना या आकड्यांमागची घरे ओळखीची वाटतील. राशीच्या वर्णनातून एखाद्या व्यक्तीच्या लग्नाचा, नोकरीचा किंवा जन्माचा निर्णय होऊ लागला, की ते मार्गदर्शन उरत नाही. तेवढा भाग निःसंकोच टाकून द्यावा.

एरवी वर्षाचा थर सगळ्या आठवड्यांना सारखाच असतो, त्यामुळे तो दर आठवड्याला नव्याने सांगण्यात अर्थ नाही. छापील भविष्य तपासताना याच दृष्टीने पाहावे. ज्यात तारखा आहेत, कोणत्या दिवशी कोणता प्राणी ते सांगितले आहे, आणि ज्यातला टक्करीचा दिवस तुमच्या मांडणीशी जुळतो, ते काळजीपूर्वक केलेले आहे. ज्यात केवळ ‘धनलाभ संभवतो, तब्येत जपा’ एवढेच आहे, ते कोणत्याही प्राण्याखाली छापले तरी खपून जाईल. शुभ अंक आणि शुभ रंग यांच्या याद्या जागोजागी वेगळ्या सापडतात. मांडणीत त्यांना जागा देऊ नये.

सरावासाठी २२ ते २८ जून २०२६ हा पुढचा आठवडा स्वतः मांडावा आणि मग खालील उत्तराशी ताडावा. सोमवारी ससा आणि ‘संग्रह’, मंगळवारी ड्रॅगन आणि ‘उघडणे’, बुधवारी साप आणि ‘मिटणे’, गुरुवारी घोडा आणि ‘स्थापना’, शुक्रवारी मेंढी आणि ‘निवारण’, शनिवारी माकड आणि ‘भरती’, रविवारी कोंबडा आणि ‘समता’. या आठवड्यात टक्कर नाही आणि हानीही नाही. जोडीदार मेंढीचा शुक्रवार साफसफाई, जुनी देणी मिटवणे आणि उपचार सुरू करणे यांसाठी चांगला मानला जाईल. गुरुवार, २५ जून हा वर्ष, महिना आणि दिवस अशा तिन्ही ठिकाणी घोडा असलेला दिवस असून तो धातू घोड्याचा आहे, म्हणजे १९९० या जन्मसालाच्या खोडाची आणि प्राण्याची जोडी त्या दिवशी जशीच्या तशी येते. अकरा ते एक या वेळात तासही घोड्याचाच असेल. त्या दोन तासांत १९९० वाल्यांनी रागाच्या भरात कोणालाही लांबलचक संदेश पाठवू नये, इतके परंपरेच्या आधाराने निश्चित सांगता येईल.